चार पिशव्या, एक गोळी: पेरिटोनियल डायलिसिस आणि हाडांचा हिशेब

हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. या वेळी आकडे जरा जास्त आहेत आणि ऐकताना ते कानामागून निघून जातात, म्हणून इथे सावकाश वाचा.

दाभोळ म्हटलं की इतिहासाच्या पॉडकास्टवर काय येणार हे तुम्हाला माहीतच आहे. बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. अरबी घोडे उतरायचे. रशियन प्रवासी अफनासी निकितीन १४७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथूनच परतीच्या जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने हे गाव जाळलं. खाडीकाठची आदिलशाही मशीद अजून उभी आहे. आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीला दाभोळ म्हणजे एन्रॉन, जरी तो प्रकल्प प्रत्यक्षात पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात होता.

आज यातलं काहीच नाही. आज दाभोळमध्ये उतरणाऱ्या एका वेगळ्याच मालाची गोष्ट आहे: पुठ्ठ्याचे खोके, आणि आत दोन-दोन लिटरच्या प्लास्टिकच्या पिशव्या. माझी आत्या दाभोळला राहते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात आणि ती घरीच पोटातून डायलिसिस करते. दिवसाला चार पिशव्या, म्हणजे महिन्याला १२०. वजन काढलं तर २४० किलो पाणी. हे सगळं पडवीलगतच्या खोलीत, ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्यांवर रचलेलं असतं.

आत्याला डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली होती. ती रोज रात्री झोपताना घ्यायची, कारण "हाडांची गोळी आहे, कधीही घेतली तरी चालते." मग एका तपासणीत फॉस्फरस चढलेला निघाला, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी जेवणाबरोबर घेता ना?" ही गोळी हाडांसाठी होतीच, पण आपल्याला वाटतं तशी नाही. जेवणाबरोबर का, आणि पोटात पाणी भरण्याचा हाडांशी संबंध काय, हे शोधायला मी बसलो. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण ही गोष्ट वाचताना सारखं वाटत राहिलं की हे आपल्या धंद्यासारखंच आहे. एक बग सोडवला की त्याच पॅचमधून पुढचा बग निघतो. फक्त इथे तो निघायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि तो माणसांच्या हाडांत निघतो.

पोटातला पडदा

आपल्या आतड्यांभोवती एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पोटाच्या पोकळीत स्वच्छ द्रावण सोडलं की रक्तातली घाण या पडद्यातून पाझरत द्रावणात येते. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे. काही तासांनी ते पाणी काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. खाडीकाठच्या माणसाला हे समजावायला लागत नाही. भरती, ओहोटी. समुद्राची दिवसातून दोनदा, आत्याची चारदा.

'डायलिसिस' हा शब्द या अर्थाने रूढ केला थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८६१ मध्ये. पडद्यातून काही पदार्थ पार होतात आणि काही अडकतात, हे तो तपासत होता. १९२३ मध्ये जर्मनीत गेऑर्ग गांटर याने प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर माणसाच्या पोटात द्रावण सोडून रक्त साफ करण्याचा प्रयत्न केला. रसायन बरोबर होतं, पण पुढची काही दशकं ही पद्धत जंतुसंसर्गाने मारली. पोटात नळी घालायची म्हणजे जंतूंना दार उघडून द्यायचं. १९६८ मध्ये सिएटलच्या हेन्री टेन्कॉफ याने सिलिकॉनच्या नळीवर कापडी पट्ट्या बसवल्या. त्यांत शरीराचे तंतू वाढतात आणि नळीभोवतीची वाट बंद होते. आत्याच्या पोटावर आज जी नळी आहे, ती या नळीचीच वंशज.

ऑस्टिनमधलं गणित

आता एका इंजिनियरची एंट्री. १९७५, अमेरिकेत टेक्सास राज्यातलं ऑस्टिन. एका रुग्णाला मशीनवरचं डायलिसिस जमत नव्हतं, कारण रक्तवाहिनीत जोडणी टिकत नव्हती. डॉक्टर होते जॅक मॉन्क्रीफ आणि त्यांच्याबरोबर होते रॉबर्ट पोपोविच, पेशाने इंजिनियर.

तोपर्यंतचं पोटातलं डायलिसिस म्हणजे भराभर पाणी आत, भराभर बाहेर, आणि रुग्ण तासन्‌तास खाटेवर. पोपोविच यांनी प्रश्न उलटा केला. घाई कशाला? द्रावण पोटातच राहू दे. काही तासांत युरियाचं प्रमाण द्रावणात आणि रक्तात सारखं होईल. मग दिवसाला साधारण १० लिटर बदललं तर माणूस तग धरेल का? कागदावर उत्तर 'हो' आलं. दोन लिटर, पाच वेळा. मध्ये माणूस उठून हिंडायला मोकळा. मशीन नाही, वीज नाही.

१९७६ मध्ये त्यांनी ही कल्पना एका वैद्यकीय परिषदेकडे पाठवली. सादरीकरणासाठी ती नाकारली गेली. नंतर तीच कल्पना जगभर 'सीएपीडी' म्हणून गेली. टोरांटोच्या डिमिट्रिओस ओरिओपोलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, आणि इटलीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'आधी नळी धुवा, मग भरा' अशा वायच्या आकाराच्या जोडणीने जंतुसंसर्ग आणखी कमी झाला.

म्हणजे युरियाचं गणित सुटलं. पण पोपोविच यांच्या समीकरणात युरिया होता, हाड नव्हतं.

गेंडा, मुडदूस आणि पेकिंग

जरा मागे जाऊ. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याची चिरफाड केली आणि मानेत, थायरॉइडला चिकटलेली एक छोटी पिवळसर ग्रंथी नोंदवली. माणसात हीच ग्रंथी १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम याने नीट वर्णन करून दाखवली. मराठीत आपण तिला परावटू म्हणतो, डॉक्टर पॅराथायरॉइड म्हणतात. बहुतेकांना अशा चार असतात, मसुरीच्या दाण्याएवढ्या. काम एकच: रक्तातल्या कॅल्शियमवर पहारा. कॅल्शियम जरा घसरलं की या ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांना सांगतं, "तिजोरी उघडा, रक्तात कॅल्शियम टाका."

१८८३ मध्ये लंडनचे सर्जन क्लेमंट लुकास यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. वयात येणाऱ्या काही मुलांना मुडदूस झाल्यासारखी पाय वाकण्याची व्याधी होती, आणि त्यांच्या लघवीतून प्रथिनं जात होती. किडनी आणि हाडं यांचा काहीतरी संबंध आहे, एवढं दिसलं. कारण कळलं नाही.

मग चीन. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पेकिंगचे डॉक्टर लिऊ आणि चू यांनी किडनीच्या रुग्णांची हाडं तपासली आणि १९४३ च्या त्यांच्या मोठ्या लेखातून 'रीनल ऑस्टिओडिस्ट्रॉफी', म्हणजे किडनीमुळे बिघडलेलं हाड, हे नाव रुजलं. त्यांना एक कोडं सापडलं. साधं ड जीवनसत्त्व दिलं तर या रुग्णांना फरक पडत नव्हता, पण त्याच घराण्यातलं दुसरं एक रसायन दिलं तर पडत होता. असं का?

उत्तर यायला १९७० उजाडलं. केंब्रिजमध्ये फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवलं की ड जीवनसत्त्वाचं शेवटचं, कामाचं रूप किडनीतच तयार होतं. आपण उन्हात बसतो, त्वचेत कच्चा माल बनतो, यकृतात अर्धवट तयार होतो आणि शेवटचा टप्पा किडनीत. कारखानाच बंद असेल तर कच्चा माल कितीही ओता, पक्का माल निघत नाही. लिऊ-चूंच्या त्या रसायनाला किडनीतला हा शेवटचा टप्पा लागतच नव्हता.

आता साखळी जोडा. किडनी बंद, म्हणून फॉस्फरस बाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो. किडनी बंद, म्हणून कामाचं ड जीवनसत्त्व नाही, आणि त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरतं. परावटू ग्रंथी ओरडायला लागतात. पीटीएच चढतं. हाडं रोज पोखरली जातात. दुखतात, मोडतात. सतत काम करून त्या ग्रंथी फुगतात आणि पुढे काहींच्या ऐकण्याबाहेर जातात.

तुरटीचा धडा

मग पहिला पॅच. फॉस्फरस रक्तात जाण्याआधीच आतड्यात पकडायचा. अन्नातल्या फॉस्फरसला चिकटून त्याला शौचावाटे बाहेर काढेल अशी गोळी द्यायची. ही 'बाइंडर' गोळी अन्नाबरोबर पोटात असली तरच उपयोगी. अन्न पुढे गेल्यावर घेतली तर पकडायचं काय? आत्याच्या गोळीचं उत्तर हे. तिचं मुख्य काम फॉस्फरस पकडणं होतं, त्यामुळे जेवणाच्या ताटाशेजारी तिची जागा.

सुरुवातीची आवडती बाइंडर गोळी होती अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. ॲसिडिटीच्या औषधांत असतं तेच. फॉस्फरस झकास पकडायची.

पण १९७० च्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांमध्ये दोन भयानक गोष्टी दिसू लागल्या. काहींची बोली अडखळायची, झटके यायचे, स्मृती जायची. काहींची हाडं मऊ पडून मोडायची, आणि ड जीवनसत्त्व देऊनही सुधारायची नाहीत. १९७६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या ॲलन आल्फ्री यांच्या गटाने मेंदूच्या विकाराचा दोर अ‍ॅल्युमिनियमपर्यंत नेला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये हाडांच्या विकाराचं बोट नळाच्या पाण्याकडे दाखवलं.

नळाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम कुठून? गढूळ पाणी निवळायला पाणीपुरवठा केंद्रात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार टाकतात. आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी तुरटी फिरवतात, तिचीच बहीण. तुम्हीआम्ही ते पाणी प्यायलो तर आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि किडनी ते बाहेर टाकते. पण मशीनवरच्या डायलिसिसमध्ये एका बैठकीत शंभराहून जास्त लिटर पाणी पडद्यापलीकडून रक्ताला भिडतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते थेट रक्तात येतं आणि बाहेर जायला दार नाही.

पोटातलं डायलिसिस करणाऱ्यांचं द्रावण कारखान्यात बनून येतं, म्हणून पाण्याचा धोका त्यांना कमी. गोळ्यांचा मात्र तोच. म्हणूनच आजही किडनीच्या रुग्णाने पोटात जळजळते म्हणून दुकानातून ॲसिडिटीचं पातळ औषध परस्पर आणायचं नाही. हा सल्ला त्या काळातल्या मोडलेल्या हाडांतून आलाय.

पिशवीवरचा आकडा

अ‍ॅल्युमिनियम नको, मग काय? १९८० च्या दशकाच्या मध्यात उत्तर आलं: कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपले, चुनखडी, सगळ्यांत असतं तेच. फॉस्फरस पकडतं, स्वस्त आहे, वर कॅल्शियमही मिळतं. एका गोळीत दोन कामं.

इथे पोटातल्या डायलिसिसची स्वतःची भानगड सुरू होते.

त्या काळच्या पिशव्यांमध्ये कॅल्शियमचं प्रमाण लिटरला १.७५ मिलिमोल ठेवलेलं असायचं. रक्तातलं मोकळं, कामाचं कॅल्शियम साधारण १.१ ते १.३. म्हणजे पिशवीत जास्त, रक्तात कमी. जास्तीकडून कमीकडे, नियम तोच. प्रत्येक भरतीला थोडं कॅल्शियम पोटातून रक्तात. हे चुकून झालं नव्हतं. रुग्णांचं कॅल्शियम कमी असायचं, ते भरून काढायला मुद्दाम आकडा वर ठेवला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या गोळ्यांच्या काळात हे ठीक होतं.

आता त्याच पिशवीबरोबर तोंडातून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. वरून कामाचं ड जीवनसत्त्वही औषध म्हणून मिळायला लागलं होतं, ते आतड्यातून कॅल्शियम आणखी ओढतं. तीन दारांतून आवक आणि जावक जवळपास बंद. मशीनवरचा रुग्ण आठवड्यात तीनदा, चार-चार तास द्रावणाला भिडतो. पोटातल्या डायलिसिसचा रुग्ण दिवसाचे चोवीस तास. त्यामुळे पिशवीतला छोटासा फरकही त्याच्या शरीरात साठत जातो. रक्तातलं कॅल्शियम प्रमाणाबाहेर जाऊ लागलं.

१९९० च्या आसपास १.२५ मिलिमोलच्या पिशव्या वापरात आल्या. म्हणजे जवळपास रक्ताइतकंच. शिवाय पिशवीतल्या साखरेमुळे शरीरातलं जादा पाणी ओढलं जातं, त्या प्रवाहाबरोबर थोडं कॅल्शियमही बाहेर जातं. आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना १.२५ ते १.५० सुचवतात. पिशवीवर हा आकडा छापलेला असतो. घरात कोणी पीडीवर असेल तर एकदा बघा.

थांबलेलं हाड

आता या एपिसोडमधला सगळ्यात चक्रावणारा भाग. पीटीएच चढलं की हाड पोखरलं जातं, हे कळल्यावर सगळ्यांनी ठरवलं, पीटीएच खाली आणा. आणलं. मग कळलं की फार खाली आणलं तर वेगळंच होतं.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे. ते कायम दुरुस्तीत असलेल्या रस्त्यासारखं असतं. काही पेशी जुनं उकरतात, काही नवीन भरतात. पीटीएच हा त्यांचा मुकादम. मुकादम फार ओरडला तर उकरणं जास्त होतं. तो गप्प झाला तर कामच थांबतं. बारीक तडे दुरुस्त होत नाहीत. रक्तात आलेलं जादा कॅल्शियमही असं हाड आत घेत नाही. याला अ‍ॅडायनॅमिक, म्हणजे हालचाल थांबलेलं हाड म्हणतात. दुखत असेलच असं नाही, त्यामुळे कळतही नाही.

मग डॉक्टरांना कळलं कसं? ही पद्धत मला फार आवडली. टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक नव्याने भरत असलेल्या हाडात चिकटतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं. रुग्णाला ते काही दिवस द्यायचं, मग मध्ये ठरावीक दिवस सोडायचे, मग परत द्यायचं. नंतर कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हाड चालू असेल तर दोन पिवळ्या रेघा दिसतात, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे तेवढ्या दिवसांत भरलेलं हाड. अक्षरशः टाइमस्टॅम्प असलेला लॉग. हाड थांबलेलं असेल तर दोन वेगळ्या रेघा दिसतच नाहीत.

१९९३ मध्ये डोनाल्ड शेरार्ड आणि सहकाऱ्यांनी टोरांटोच्या रुग्णांच्या अशा नमुन्यांचा अभ्यास छापला. मशीनवरच्या रुग्णांत जास्त करून पोखरलं जाणारं, वेगवान हाड. पोटातल्या डायलिसिसवरच्या रुग्णांत जास्त करून मंद किंवा थांबलेलं हाड. आणि या वेळी सगळा दोष अ‍ॅल्युमिनियमवर टाकता येत नव्हता. चोवीस तासांची कॅल्शियमची आवक, वाढलेलं वय आणि मधुमेह, या सगळ्यांनी मुकादम गप्प झाला होता.

ज्या पद्धतीचा गुणच 'सतत, न थांबता' हा होता, तोच तिचा हाडांपुरता दोष ठरला. म्हणून आज पीटीएच नॉर्मल माणसाएवढं आणायचा प्रयत्न करत नाहीत. मार्गदर्शक सूचनांनुसार ते नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट या पट्ट्यात ठेवायचं, आणि एका आकड्यापेक्षा ते वर चाललंय की खाली, याकडे बघायचं. रिपोर्टवर आकडा लाल दिसला म्हणून घाबरून जाऊ नका, हे त्यातून घ्यायचं.

हाडातलं बाहेर, नळीत आत

हाड कॅल्शियम घेत नसेल तर ते जातं कुठे? रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, हृदयाच्या झडपांत. २००० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की लहानपणापासून डायलिसिसवर असलेल्या तरुणांच्या, अगदी विशीतल्या मुलांच्या हृदयाच्या धमन्यांतही चुना साठलेला होता. तुमच्या-माझ्यापेक्षा लहान. किडनीचे बरेच रुग्ण हृदयविकाराने दगावतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

त्याच काळात नवी पात्रं सापडली. १९९७ मध्ये जपानमध्ये क्लोथो नावाचं जनुक, आणि २००० मध्ये एफजीएफ-२३ हे संप्रेरक. हे संप्रेरक हाडातच बनतं आणि किडनीला सांगतं, "फॉस्फरस बाहेर टाक." म्हणजे हाड ही नुसती तिजोरी नाही, तेही निरोप पाठवतं. किडनी ऐकायला नसली तर निरोप वाढत जातात, आणि त्याचाही हृदयावर ताण येतो.

म्हणून २००६ मध्ये तज्ज्ञांच्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय गटाने नावच बदललं. 'किडनीमुळे बिघडलेलं हाड' हे नाव फक्त हाडाच्या तुकड्यापुरतं ठेवलं आणि रक्तातले आकडे, हाड आणि रक्तवाहिन्या या तिघांच्या एकत्रित बिघाडाला 'खनिज आणि हाडांचा विकार' म्हटलं. २०१७ च्या सुधारित सूचनांमध्ये कॅल्शियमच्या बाइंडर गोळ्यांची मात्रा मर्यादित ठेवा, असंही आलं. कॅल्शियम नसलेल्या बाइंडर गोळ्या, उदाहरणार्थ सेव्हेलॅमर, १९९८ पासून आहेत, पण त्या महाग. दाभोळसारख्या गावात कोणती गोळी चालू राहणार, हे बऱ्याचदा पाकीट ठरवतं.

परत खाडीकाठी

भारतात सीएपीडी १९९१ मध्ये सुरू झालं. पिशव्या महाग, त्यामुळे बराच काळ ते पैसेवाल्यांचं डायलिसिस राहिलं. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तोही जिल्हा रुग्णालयांतल्या मशीनवरच्या डायलिसिससाठी. पोटातलं डायलिसिस त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आलं २०१९ मध्ये. तुलनेसाठी: हाँगकाँगने १९८५ पासून 'आधी पोटातलं डायलिसिस' हे धोरण ठेवलं, थायलंडने ते २००८ मध्ये आणलं.

कोकणात याचा अर्थ काय? मशीनवर जायचं म्हणजे आठवड्यातून तीनदा प्रवास. दाभोळहून दापोलीच तीसेक किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, आणि जूनपासून तो पाऊस. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात झाडं रस्त्यांवर होती आणि बऱ्याच गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं. अशा वेळी ज्याच्या घरात महिन्याच्या पिशव्या आहेत आणि ज्याच्या डायलिसिसला प्लगच लागत नाही, तो किमान चार दिवस काढू शकतो. म्हणून हाडांची एवढी कथा सांगितली तरी माझं मत पोटातल्या डायलिसिसच्या विरोधात नाही. उलट, ते जास्त लोकांना मिळावं. पण पिशव्यांबरोबर रक्ताची तपासणी आणि आहाराचा सल्लाही गावापर्यंत पोचला पाहिजे. नुसते खोके पोचून भागत नाही.

कारण बघा, ढोबळ हिशेब असा आहे. साध्या जेवणातून दिवसाला हजारेक मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो, त्यातला सहाशेच्या आसपास शोषला जातो. चार पिशव्या मिळून बाहेर काढतात साधारण तीनशे. फॉस्फरसचा कण पाण्याचा झगा घालून फिरतो आणि बराचसा पेशींच्या आत बसलेला असतो, म्हणून तो युरियासारखा सहज निघत नाही. राहिलेले तीनशे कुठे जाणार? थोडी लघवी शिल्लक असेल तर तिथून. नाहीतर गोळी आणि ताट, या दोनच जागा उरतात.

ताटात आणखी एक पेच. पोटातल्या पाण्याबरोबर रोज ५ ते १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनंही निघून जातात. म्हणून प्रथिनं खायलाच हवीत, आणि प्रथिनं आली की फॉस्फरस आला. कोकणात हा प्रश्न माशापाशी येऊन थांबतो. ताजा मासा बंद करायचं सहसा काही कारण नसतं. जपायचं ते काट्यासकट चावून खाल्ल्या जाणाऱ्या छोट्या सुक्या मासळीला, कारण काटा म्हणजेही हाड, कॅल्शियम आणि फॉस्फरसचाच साठा, आणि वर मीठ. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस आपण अर्धवटच शोषतो, कारण तो ज्या रूपात असतो ते पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही. सगळ्यात वाईट फॉस्फरस बाटलीत आणि पाकिटात असतो. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये, प्रोसेस्ड चीजमध्ये, टिकाऊ केलेल्या मांसात वरून घातलेला असतो, आणि तो जवळपास सगळा शोषला जातो. आत्याला पाहायला येणारे पाहुणे हातात हेच घेऊन येतात.

तुमच्या घरात कोणी असेल तर

पुढच्या तपासणीला चार गोष्टी विचारा. एक, पिशवीत कॅल्शियम किती आहे? दोन, गेल्या काही महिन्यांत कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच कुठल्या दिशेला चाललंय? तीन, ही गोळी बाइंडर म्हणून दिलीय की आणखी कशासाठी, आणि ती कुठल्या घासाबरोबर घ्यायची? चार, ड जीवनसत्त्वाची पातळी तपासलीय का? आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ती कमी निघते. औषध स्वतःहून बंद करू नका, वाढवू नका, या पानावरून तर मुळीच नाही. रिपोर्टचे फोटो मात्र तारखेनुसार एका फोल्डरमध्ये ठेवा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी कल दिसायला हवा.

आत्याची गोळी आता मिसळणाच्या डब्याशेजारी असते, मिठाच्या बरणीच्या मागे. पुढच्या तपासणीत फॉस्फरस थोडा उतरला. अजून हवा तिथे नाहीये.

एपिसोड आवडला तर ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यांना पाठवा, फॉरवर्डच्या गर्दीत नको, एकट्याला पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट करा. पुढच्या वेळी परत बंदरांकडे वळू. भेटूच.